दोरा, टाचण्या आणि पंचांग: नाशिकच्या गच्चीवरून ग्रह-धूमकेतूंच्या कक्षा मोजायच्या कशा

निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरतो, द्राक्षबागांतून पहाटे शेकोट्या पेटतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आपलं सूर्यापासूनचं अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असतं, जुलैच्या पहिल्या आठवड्यात १५ कोटी २१ लाख. जानेवारीत पृथ्वीवर पडणारं ऊन जुलैपेक्षा जवळपास सात टक्क्यांनी जास्त असतं. तरी आपण कुडकुडतो, कारण ऋतू ठरतात ते पृथ्वीच्या अक्षाच्या २३.४ अंशांच्या कलामुळे. डिसेंबरअखेर नाशिकला भर दुपारचा सूर्य क्षितिजापासून साडेसेहेचाळीस अंशांवर असतो. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तो थेट डोक्यावर येतो.

"उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो" ही समजूत जाता जात नाही, याचा दोष मी पुस्तकातल्या आकृत्यांना देतो. त्या तिरक्या कोनातून काढलेल्या असतात, म्हणून पृथ्वीची कक्षा चांगलीच लांबट दिसते. यावर उपाय एकच: आकृती स्वतः, मापात काढायची. त्यानंतर पृथ्वी आणि चंद्र यांच्या कक्षांची विमध्यता आपल्याच नोंदींतून मोजायची.

विमध्यता म्हणजे कक्षेचा चपटेपणा, असं सर्रास सांगितलं जातं. त्यापेक्षा असं धरून चाला: सूर्य कक्षेच्या मध्यापासून किती सरकला आहे, ते विमध्यता सांगते. चपटेपणा हा त्याचा परिणाम आहे, आणि ग्रहांच्या बाबतीत तो इतका थोडा असतो की डोळ्याला कळत नाही. खालची पहिली आकृती काढलीत की याची खात्री पटेल.

पहिली पायरी: कक्षा मापात काढा

ए-थ्री आकाराचे तीन-चार कागद, खाली ठेवायला जाड पुठ्ठा, टाचण्या, फुटपट्टी, कंपास, बारीक शिशाची पेन्सिल आणि सायंटिफिक कॅल्क्युलेटर. हे सगळं मेन रोडवर किंवा कॉलेज रोडवर कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. दोरा मात्र घरचा, गोधडी शिवायचा सुती घ्या. नायलॉनचा ताणला जातो आणि कक्षा बिघडते.

कक्षेच्या लांबीच्या निम्म्या मापाला अर्धदीर्घाक्ष म्हणतात. त्याला 'अ' म्हणू. विमध्यतेला 'वि'. सगळ्या आकृत्यांसाठी अ = १० सेंटिमीटर घ्या, म्हणजे तुलना सोपी जाते. दोन टाचण्यांमधलं अंतर २ × अ × वि. त्यातली एक टाचणी सूर्य, दुसऱ्या जागी काहीच नसतं.

दोऱ्याचं बंद कडं किती लांबीचं करायचं, इथे बरेच जण अडतात. गाठ मारताना दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतातच. त्यासाठी लाकडी फळीवर दोन बारीक खिळे अ × (१ + वि) इतक्या अंतरावर ठोका, दोरा त्यांच्याभोवती ताणून गुंडाळा आणि तिथेच गाठ मारा. हे अंतर म्हणजे त्या ग्रहाचं सूर्यापासूनचं सर्वांत लांबचं अंतर, अपसूर्य अंतर. त्यामुळे आकृती झाल्यावर तेच मोजून पडताळणीही होते.

माझ्या वहीतली मापं देतो. पृथ्वी, वि = ०.०१६७: टाचण्यांत ३.३ मिलिमीटर, खिळ्यांत १०.१७ सेंमी. मंगळ, वि = ०.०९३४: टाचण्यांत १.८७ सेंमी, खिळ्यांत १०.९३. बुध, वि = ०.२०५६: टाचण्यांत ४.११, खिळ्यांत १२.०६. हॅलेचा धूमकेतू, वि = ०.९६७: टाचण्यांत १९.३४, खिळ्यांत १९.६७.

टाचण्या पुठ्ठ्यात रोवा, कडं त्यांच्याभोवती टाका, पेन्सिलीने ताणून धरा आणि ताण न सोडता फेरी पूर्ण करा. मग दोन टाचण्यांच्या बरोबर मधोमध कंपासाचं टोक ठेवून १० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ दुसऱ्या रंगात काढा.

पृथ्वीची कक्षा या वर्तुळावर तंतोतंत बसते. पेन्सिलीची रेघच फरकापेक्षा जाड असते. मंगळाची कक्षा टाचण्यांच्या रेषेच्या वरखाली जेमतेम ०.४ मिलिमीटर आत येते, तेही भिंग लावलंत तर दिसेल. पण मंगळाचा सूर्य मध्यापासून ९ मिलिमीटर बाजूला आहे, आणि ते लांबूनही दिसतं. बुधाची कक्षा दोन मिलिमीटरने चपटी, सूर्य मात्र दोन सेंटिमीटर सरकलेला. कारण गणितात आहे: सूर्याचं सरकणं विमध्यतेच्या प्रमाणात वाढतं, चपटेपणा तिच्या वर्गाच्या प्रमाणात. ०.०९३४ चा वर्ग ०.००८७, त्याचं निम्मं म्हणजे मंगळाचा चपटेपणा. टायको ब्राहे या आकाशनिरीक्षकाच्या नोंदी हाताशी असूनही खगोलशास्त्रज्ञ केप्लरला मंगळाने वर्षानुवर्षं घाम फोडला आणि लंबवर्तुळाचा नियम १६०९ साली छापून आला, त्याचं मूळ या अर्ध्या मिलिमीटरात आहे.

हॅले काढताना पेन्सिल अडकते. सूर्याच्या टाचणीपासून कक्षा फक्त ३.३ मिलिमीटरवरून वळते, तिथे जाड लाकडी पेन्सिल शिरत नाही. क्लच पेन्सिल वापरा, नाहीतर मोठ्या कागदावर अ = १५ सेंमी घेऊन सगळी मापं दीडपट करा.

दुसरी पायरी: पृथ्वीची विमध्यता पंचांगातून

सूर्याचे जानेवारी आणि जुलैतले फोटो काढून त्याच्या बिंबाचा आकार मोजा, असं परदेशी पुस्तकांत सुचवलेलं असतं. नाशिकला जुलैत सूर्य दिसण्याची वाट पाहत बसावं लागतं, आणि योग्य सौर फिल्टरशिवाय सूर्याकडे कॅमेरा वळवूच नये. त्यापेक्षा घरातलं पंचांग उघडा.

पृथ्वी सूर्याजवळ असताना भरभर चालते, लांब असताना रमतगमत. म्हणून वसंतसंपातापासून शरदसंपातापर्यंतचा (मार्च आणि सप्टेंबरमधल्या, दिवस-रात्र सारखे असण्याच्या दोन वेळांमधला) उन्हाळी अर्धा आणि उरलेला हिवाळी अर्धा सारखे नसतात. २०२५ मध्ये वसंतसंपात २० मार्चला दुपारी २.३१ ला झाला, शरदसंपात २२ सप्टेंबरला रात्री ११.४९ ला, आणि पुढचा वसंतसंपात २० मार्च २०२६ ला रात्री ८.१६ ला. दिवस मोजा: पहिला अर्धा १८६.३९ दिवसांचा, दुसरा १७८.८५ दिवसांचा. फरक ७.५४. याला ४५३ ने भागा. उत्तर ०.०१६६. पृथ्वीची खरी विमध्यता ०.०१६७ आहे. दुर्बीण नाही, खर्च नाही, आणि चूक एक टक्क्याच्या आत.

४५३ कुठून आला? पृथ्वी उपसूर्य बिंदूपासून, म्हणजे सूर्याच्या सर्वांत जवळच्या जागेपासून, वसंतसंपातापर्यंत सुमारे ७७ अंश जाते. त्याच्या साइनला ४ ने गुणा, वर्षाच्या ३६५.२५ दिवसांनी गुणा आणि पायने (π, ३.१४१६) भागा. छोट्या विमध्यतेसाठी हे गणित पुरेसं अचूक आहे.

दुसरा मार्ग संक्रांतींचा, म्हणजे सूर्याच्या राशिप्रवेशांचा, आणि मला तो जास्त आवडतो. सूर्य धनू राशीत साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी असतो, म्हणजे २९ दिवस. मिथुनेत १५ जून ते १६ जुलै, म्हणजे ३१ दिवस. नुसत्या तारखा न घेता पंचांगात दिलेल्या संक्रांतीच्या वेळा घेतल्या तर फरक दोन दिवसांच्या आसपास येतो. २ ला १२२ ने भागलं की ०.०१६४. पंचांग दृक्-गणिताचं, म्हणजे आजच्या प्रत्यक्ष निरीक्षणांशी जुळणाऱ्या गणिताचं असू द्या. सूर्यसिद्धांत या जुन्या ग्रंथावर चालणाऱ्या पंचांगात हा फरक थोडा मोठा निघतो.

अधिक महिन्याचं कोडंही इथेच सुटतं. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा. ज्या चांद्रमासात एकही संक्रांत येत नाही तो अधिक. हे घडायला सौरमास (सूर्य एका राशीत असतो तो काळ) लांब हवा, आणि लांब सौरमास येतात ते पृथ्वी सूर्यापासून दूर असताना. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. थंडीत सौरमास चांद्रमासापेक्षाही किंचित लहान होतो, तेव्हा अधिक महिन्याला जागाच उरत नाही. उलट क्वचित एखादा महिना क्षय होतो, म्हणजे गळतो. सासुरवाडीला जावयाचं अधिक महिन्याचं वाण थंडीच्या दिवसांत का द्यावं लागत नाही, याचं उत्तर सूर्याजवळ भरभर, लांब रमतगमत या केप्लरच्या दुसऱ्या नियमात आहे.

मधेच थोडं गुरूबद्दल

नाशिकमध्ये राहून गुरूला वगळून चालणार नाही. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ. गुरूची फेरी ११.८६ वर्षांची आणि विमध्यता ०.०४८, म्हणजे पृथ्वीच्या जवळपास तिप्पट. तो जानेवारी २०२३ मध्ये सूर्याच्या सर्वांत जवळ होता; सर्वांत लांब २०२८ च्या अखेरीस जाईल. त्याच्या कक्षेचा लांबचा भाग सिंह आणि कन्या राशींच्या बाजूला पडतो. सूर्यावरून पाहिलं तर गुरू एका राशीत सरासरी ३६१ दिवस राहतो. पण गणित केलं की सिंहेत सुमारे ३९० दिवस निघतात आणि समोरच्या कुंभेत सुमारे ३३३. म्हणजे आपला सिंहस्थ गुरूच्या संथ टप्प्यात येतो, हरिद्वारचा कुंभमेळा वेगवान टप्प्यात. पंचांगातल्या गुरूच्या राशिप्रवेशाच्या तारखांवरून हे थेट मोजता येणार नाही, कारण आपण पृथ्वीवरून पाहतो आणि गुरू वक्री होऊन मागेपुढे करतो.

तिसरी पायरी: चंद्राचे फोटो

गच्चीवरून प्रत्यक्ष मोजायला चंद्रासारखं दुसरं काही नाही. शहराच्या दिव्यांचा त्याला त्रास होत नाही, सिडको असो की इंदिरानगर. काम ऑक्टोबर ते मे या काळात करा; जूनच्या मध्यापासून ढगांपुढे इलाज नसतो.

ऑप्टिकल झूम असलेला कॅमेरा घ्या आणि झूम शेवटपर्यंत ताणून तिथेच ठेवा. संपूर्ण मालिकेत झूम बदलायचा नाही, हा एकमेव कडक नियम. मोबाइलच असेल तर तो दुर्बिणीच्या नेत्रिकेला लावून वापरा, पण मोबाइल स्वतःहून फोटो 'सुधारतो' ती सोय बंद करा. चंद्राचं बिंब फोटोत किमान २०० पिक्सेल रुंद आलं पाहिजे. त्याहून लहान असेल तर मोजमापातली चूक मूळ फरकालाच गिळते. एक्स्पोजर कमी ठेवा, नाहीतर कडा पसरून चंद्र मोठा दिसतो. आणि चंद्र आकाशात चांगला वर आल्यावर फोटो घ्या, क्षितिजाजवळ हवेमुळे बिंब उभ्या दिशेने दबतं.

पौर्णिमेची वाट पाहायची गरज नाही. कोरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे पूर्ण व्यास. चंद्र एका उपभू बिंदूपासून (पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या जागेपासून) पुढच्या उपभू बिंदूपर्यंत २७.५५ दिवसांत येतो, तेव्हा अमावास्येच्या आसपासचे दिवस सोडून महिनाभर जमेल त्या रात्री फोटो घ्या. सर्वांत मोठा व्यास आणि सर्वांत लहान व्यास यांची वजाबाकी भागिले त्यांची बेरीज, ही झाली विमध्यता. समजा ३०० आणि २६८ पिक्सेल आले, तर ३२ भागिले ५६८, म्हणजे ०.०५६.

पुस्तकातला सरासरी आकडा ०.०५४९ आहे. तुमचा आकडा ०.०४ ते ०.०७ च्या मधे कुठेही आला तरी घाबरू नका. सूर्याच्या ओढीमुळे चंद्राच्या कक्षेची विमध्यता महिन्या-महिन्याला खरोखरच बदलते. हौशी माणसाने तीन-चार महिने नोंदी ठेवाव्यात. हा बदल स्वतःच्या आकड्यांत उमटलेला पाहण्यात वेगळीच मजा आहे.

चौथी पायरी: कॅल्क्युलेटरवर धूमकेतू

नासाच्या जेपीएल संस्थेच्या संकेतस्थळावर लघुग्रह आणि धूमकेतूंची माहिती फुकट मिळते. प्रत्येकाचे दोनच आकडे उचला: अर्धदीर्घाक्ष आणि विमध्यता. अंतर खगोलीय एककात असतं, एक एकक म्हणजे १४.९६ कोटी किलोमीटर. बाकी सगळं त्यातून निघतं. उपसूर्य अंतर अ × (१ − वि), अपसूर्य अंतर अ × (१ + वि), आणि फेरीचा काळ वर्षांत हवा असेल तर अ चा घन करून त्याचं वर्गमूळ.

फेथॉन नावाचा लघुग्रह घ्या: अ = १.२७१, वि = ०.८९. तो सूर्याच्या ०.१४ एककांपर्यंत, बुधाच्याही खूप आत शिरतो आणि २.४ एककांपर्यंत, मंगळापलीकडे जातो. सगळी फेरी १.४३ वर्षांत. सेडना या नेपच्यूनपलीकडच्या छोट्या ग्रहगोलाचा अ सुमारे ५०६ आणि वि सुमारे ०.८५ धरा: जवळचं अंतर ७६, लांबचं ९३६, फेरी सुमारे ११,४०० वर्षांची. २००३ मध्ये ती सापडली हे आपलं नशीब, कारण २०७६ च्या आसपास ती सूर्याच्या सर्वांत जवळ येते आहे. एरवी ती इतकी दूर असते की दिसतच नाही.

वेगासाठी: २ भागिले सूर्यापासूनचं अंतर, वजा १ भागिले अ, त्याचं वर्गमूळ गुणिले २९.८. उत्तर सेकंदाला किलोमीटरमध्ये. हॅलेसाठी अ = १७.८३ घातलंत तर सूर्याजवळ ५४.५ आणि लांबच्या टोकाला ०.९ येतं. साठपटीचा फरक.

कुठल्या दिवशी ग्रह कुठे असेल, यासाठी केप्लरचं समीकरण लागतं आणि ते सरळ सोडवता येत नाही, गोल गोल फिरून उत्तराजवळ जावं लागतं. बुधाचं उदाहरण करून बघा. फेरी ८८ दिवसांची. उपसूर्य बिंदूपासून २२ दिवस, म्हणजे पाव फेरीचा काळ गेला. कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये लावा; अंशांत राहिला तर उत्तर भलतंच येतं. पाव फेरी म्हणजे १.५७०८. आता त्यात ०.२०५६ मिळवा: १.७७६४. याचा साइन घ्या, ०.२०५६ ने गुणा, १.५७०८ मध्ये मिळवा: १.७७२१. पुन्हा तेच: १.७७२२. आकडा थांबला. त्याच्या निम्म्याचा टँजंट १.२३२ ने गुणा (हा आकडा १.२०५६ भागिले ०.७९४४ याचं वर्गमूळ), उलट टँजंट घ्या, दुप्पट करा, अंशांत बदला: ११३. सूर्यापासूनचं अंतर १ − वि × कोसाइन १.७७२२, म्हणजे अर्धदीर्घाक्षाच्या १.०४१ पट.

आता बुधाच्या आकृतीत सूर्याच्या टाचणीवर कोनमापक ठेवा, उपसूर्य बिंदूपासून ११३ अंश मोजा आणि १०.४ सेंटिमीटरवर खूण करा. खूण तुमच्या काढलेल्या रेषेवरच पडली पाहिजे. पहिल्या २२ दिवसांत बुध ११३ अंश गेला, पुढच्या २२ दिवसांत त्याच्या वाट्याला फक्त ६७ उरतात.

हॅलेला ही साधी पद्धत उपसूर्याजवळ फार रेंगाळते, तिथे न्यूटनची पद्धत किंवा एक्सेलची शीट बरी. शीट केलीत तर काळाचा हिशोब काढून पाहाच: ७५ वर्षांच्या फेरीत हॅले गुरूच्या कक्षेच्या आत जेमतेम सव्वादोन वर्षं असतो आणि युरेनसच्या पलीकडे सुमारे ५९ वर्षं. डिसेंबर २०२३ मध्ये तो सर्वांत लांब पोचून परत फिरला. सूर्याजवळ येईल जुलै २०६१ मध्ये.

पाचवी पायरी: बाहेर पडा

२०६१ पर्यंत थांबायची गरज नाही. हॅलेने मागे टाकलेल्या धुळीतून पृथ्वी वर्षातून दोनदा जाते: ५-६ मेच्या पहाटे कुंभ राशीतून येणाऱ्या उल्का आणि २१-२२ ऑक्टोबरच्या रात्री मृग नक्षत्राजवळच्या. पण नाशिकसाठी मी १३-१४ डिसेंबरच्या मिथुन राशीतल्या उल्काच सुचवीन. त्या फेथॉनच्या धुळीच्या, सेकंदाला ३५ किलोमीटर वेगाने येणाऱ्या. पावसाळा सरलेला असतो, रात्री दहानंतर मिथुन चांगली वर येते आणि दोनच्या सुमारास माथ्याजवळ असते.

त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीच्या दिशेला गेलात तर शहराचा उजेड पाठीमागे पडतो. गंगापूर धरणाच्या बाजूलाही आकाश मोकळं मिळतं, पण पाण्याच्या काठाशी अंधारात जाऊ नका आणि उसाच्या शेताजवळ तर थांबूच नका, बिबट्याचा वावर असतो. ओळखीच्या शेतघराची गच्ची सर्वांत उत्तम. किमान चौघं, कानटोप्या, सतरंज्या, थर्मासमध्ये चहा. दुर्बीण घरी ठेवा, उल्का नुसत्या डोळ्यांनीच पाहायच्या असतात. अंधाराला डोळे सरावायला वीसेक मिनिटं लागतात, तेवढ्यात मोबाइल उघडलात की पुन्हा पहिल्यापासून.

विमध्यता एकच्या पुढे गेली तर

दोऱ्याची युक्ती इथे संपते, कारण कक्षा बंदच होत नाही. २०१७ चा ओउमुआमुआ १.२, २०१९ चा बोरिसॉव्ह ३.३६, आणि २०२५ मध्ये सापडलेला थ्री-आय ॲटलस सुमारे ६.१४. हे तिघंही दुसऱ्या ताऱ्यांकडून आलेले पाहुणे. यांच्यासाठी कोनमापक घ्या: अंतर = उपसूर्य अंतर × (१ + वि), भागिले १ + वि × कोनाचा कोसाइन. कोन सूर्यापाशी, उपसूर्य बिंदूपासून मोजायचा.

थ्री-आय ॲटलसचं उपसूर्य अंतर १.३६ एकक, २९ ऑक्टोबर २०२५ ला तो तिथे होता, मंगळाच्या कक्षेच्या थोडा आत. एका एककाला २ सेंटिमीटर धरा. शून्य अंशाला २.७ सेंमी, ६० अंशांना ४.८, ८० ला ९.४, ९० ला १९.४. दोन्ही बाजूंना खुणा करून जोडा. रेषा सूर्याजवळ थोडी वाकते आणि मग सरळ निघून जाते. ९९ अंशांच्या पुढे भाजक ऋण होतो आणि कॅल्क्युलेटर निरर्थक आकडे देऊ लागतो. तिथे पेन्सिल उचलायची. त्या दिशेला तो कधी पोचतच नाही.